आगबोट कंपनी : फेऱ्यांचा आणि भाड्यांचा इतिहास

क्रांती चौकाच्या परिसरात स्थायिक झालेल्या, चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांत अथवा येथील शाळा-महाविद्यालयांत नोकरी करणाऱ्या आणि सणासुदीला एकत्र येणाऱ्या कोकणी कुटुंबांच्या मंडळाने आपल्या स्मरणिकेत एखाद्या जुन्या संस्थेचा इतिहास द्यावयाचे ठरवले, आणि ती संस्था म्हणून कोकण किनाऱ्यावरील आगबोट कंपनीची निवड केली, ही गोष्ट बाहेरच्या वाचकास प्रथमदर्शनी विलक्षण वाटण्याचा संभव आहे. ज्या शहराच्या इतिहासात मलिक अंबराच्या नहरी आहेत, १८५७ च्या उठावात प्राण दिलेल्या शिपायांचा काळा चबुतरा आहे, परंतु बंदर मात्र कोठेच नाही, त्या शहरात बसून आगबोटीच्या भाड्याचा हिशेब मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी गाव सोडले ते आगबोटीने. हर्णै, दाभोळ, जयगड, मालवण अथवा वेंगुर्ले येथे पडावात बसून ते बोटीवर चढले, मुंबईस उतरले, आणि पुढे ज्यांच्या नशिबी हे शहर होते ते रेल्वेने मनमाडपर्यंत आणि तेथून निजामाच्या मुलुखातील मीटरगेज गाडीने येथे पोहोचले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली याच शहरात महाविद्यालय स्थापन केले, ही घटनाही कोकण आणि मराठवाडा यांना जोडणाऱ्या धाग्यांत अग्रस्थानी ठेवावी अशी आहे.

आगबोटीविषयी मराठीत भावनेने पुष्कळ लिहिले गेले. पडावातून शिडीवर पाय ठेवतानाची भीती, डेकवर अंथरलेली वळकटी, वांत्या, पहाटे दिसणारा दीपस्तंभ, हे सारे कथा-कादंबऱ्यांत आणि आठवणींत आले आहे. परंतु ही आगबोट कोणत्या हिशेबाने चालत असे, भाडे कोण ठरवी, कोणत्या बंदरावर थांबावयाचे आणि कोणते टाळावयाचे हा निर्णय कशावर अवलंबून असे, आणि तोट्याचा भार अखेरीस कोणाच्या माथी पडे, याचा विचार आपल्याकडे फारसा झाला नाही. प्रस्तुत लेखात तोच करावयाचा आहे. कारण माझ्या मते आगबोटीचा उदय, तिची भरभराट आणि तिचा अंत या तिन्ही अवस्थांचे मर्म भाड्याच्या या प्रश्नात साठलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी कोकणातून मुंबईस जाणे म्हणजे मचवा, पडाव अथवा फतेमारी यांच्या तांडेलाच्या आणि वाऱ्याच्या स्वाधीन होणे होते. वारा अनुकूल असला तर दोन दिवसांत मुंबई गाठता येई, नसला तर आठवड्यातही येत नसे. आणि ज्याची मुदत निश्चित नाही अशा प्रवासाचे भाडेही निश्चित राहत नाही, ते नाखव्याच्या आणि उतारूच्या घासाघिशीत ठरते. आगबोटीने जी खरी क्रांती केली ती केवळ वेगाची नव्हे, वेळापत्रकाची. अमुक वारी अमुक बंदरात बोट लागेल एवढे निश्चित झाल्याबरोबर भाड्याचा छापील तक्ता शक्य झाला, आणि छापील तक्ता शक्य झाल्यामुळेच गिरणीतील मजुरास आपल्या पगारातून गावी जाण्याची रक्कम बाजूला ठेवता येऊ लागली. या किनाऱ्यावरील नियमित फेऱ्यांचा व्यवहार प्रारंभीच्या काळात शेफर्ड आणि कंपनी या इंग्रजी पेढीच्या नावाशी निगडित होता. पुढे बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनी हे नाव रूढ झाले आणि तिची व्यवस्था किलिक निक्सन या मुंबईच्या बड्या पेढीकडे आली. मुंबईस भाऊचा धक्का, जो लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य उर्फ भाऊ यांच्या नावाने आजही ओळखला जातो, हा या सर्व व्यवहाराचा उंबरठा होता.

आता या धंद्याची अंतर्गत रचना थोडी तपशिलाने पाहू, कारण ती समजल्याखेरीज पुढील इतिहास समजणार नाही. आगबोटीचा खर्च बव्हंशी स्थिर असतो. कोळसा, खलाशांचा पगार, विमा, गोदीतील दुरुस्ती, भांडवलावरील व्याज, यांपैकी एकही बाब बोट भरली की रिकामी गेली यावर फारशी अवलंबून नसते. एक उतारू अधिक घेतल्याने कंपनीचा खर्च जवळजवळ वाढत नाही, उत्पन्न मात्र पूर्ण भाड्याने वाढते. म्हणून प्रत्येक कंपनीस सुटण्याच्या क्षणापर्यंत उतारू चढवण्याचा मोह होतो, आणि प्रतिस्पर्धी उभा राहिला की भाडे उतरवत उतरवत जवळजवळ शून्यापर्यंत नेण्याचा मोहही त्याच कारणाने होतो. हा नियम जगातील सर्व जलमार्गांस लागू आहे. परंतु कोकणच्या मार्गास तीन अडचणी विशेष होत्या.

पहिली अडचण ऋतूची. मे अखेरीस समुद्र खवळू लागला की दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या फेऱ्या बंद होत आणि नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र निवळल्यावर, पुन्हा सुरू होत. म्हणजे सुमारे आठ महिन्यांच्या उत्पन्नावर बारा महिन्यांचा खर्च चालवावयाचा. पावसाळ्यात बोट धक्क्याला बांधून ठेवली तरी व्याज थांबत नाही आणि लोखंड गंजावयाचे राहत नाही. दुसरी अडचण गर्दीच्या एकेरी ओघाची. शिमग्यास व मे महिन्यात मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटीवर पाय ठेवण्यास जागा नसे आणि तीच बोट परतताना निम्मी रिकामी येई. जूनच्या तोंडाशी हा ओघ उलटा फिरे. गणेशोत्सवासाठी तर चाकरमानी जीव टाकत असे, आणि नेमका तो उत्सव समुद्र पुरता निवळण्यापूर्वीच, हंगामाच्या अगदी तोंडावर येई. म्हणून एका दिशेच्या भाड्यातच दोन्ही दिशांचा खर्च बसवणे कंपनीस भाग पडे. तिसरी अडचण बंदरांची. मुंबई सोडली तर वाटेवरील बहुतेक ठिकाणी आगबोट धक्क्यास लागतच नसे. ती दूर समुद्रात नांगर टाकी, आणि उतारू, त्यांच्या ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, आजारी म्हातारे, सर्व पडावातून बोटीपर्यंत न्यावे लागत. या पडावाचे पैसे हा प्रवाशाच्या खर्चाचा आणखी एक अंश होता, आणि कंपनीच्या दृष्टीने पाहता प्रत्येक बंदरावर जाणारा वेळ हा कोळशाइतकाच महाग पदार्थ होता. दहा बंदरे घेतली तर बोट भरते परंतु प्रवास लांबतो. पाच घेतली तर प्रवास आटोपशीर होतो परंतु उरलेल्या पाच गावांचे लोक प्रतिस्पर्ध्याच्या बोटीवर अथवा मचव्यावर जातात. मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड अशी एकापाठोपाठ एक जवळजवळ असलेली बंदरे ज्याने नकाशावर पाहिली असतील त्यास, बंदर घ्यावे की टाळावे हा प्रश्न कंपनीच्या कचेरीत किती वेळा उद्भवत असेल याची कल्पना सहज येईल.

भाड्याची पद्धत साधी होती. मुंबईपासूनच्या अंतरावरून बंदरागणिक दर, आणि डेकचा व वरच्या वर्गाचा असे भेद. उत्पन्नाचा मुख्य आधार डेकचा उतारू. त्यास खोली नको, बिछाना नको, जेवण तो फडक्यात बांधून आणी. कंपनीने त्यास द्यावयाचे ते केवळ फळीवरील काही हात जागा. एवढ्या अल्प सेवेचे भाडेही अल्प असावे हे रास्तच. परंतु अल्प भाड्याचा व्यवहार संख्येच्या बळावरच चालतो, आणि संख्येचा हव्यास हा समुद्रावर प्राणघातक ठरतो. याचे सर्वांत भयंकर प्रत्यंतर कोकणच्या नव्हे, काठेवाडच्या किनाऱ्यावर आले. याच शेफर्ड पेढीची ‘वैतरणा’ नावाची आगबोट, जिला तिच्यावरील विजेच्या दिव्यांमुळे लोक ‘वीजळी’ म्हणत, कच्छमधील मांडवी ते मुंबई हा सुमारे तीस तासांचा प्रवास आठ रुपये भाड्यात घडवीत असे. नोव्हेंबर १८८८ मध्ये ती वादळात सापडून शेकडो उतारूंसह नाहीशी झाली आणि तिचा अवशेषही हाती लागला नाही. पुढील चौकशीत बोटीवरील जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे निष्पन्न झाले. जीवरक्षक होड्या जागा खातात, आणि जागा म्हणजे तिकीट. हे समीकरण ज्या धंद्यात उतारूच्या डोक्यागणिक उत्पन्न मोजले जाते, तेथे कायद्याच्या धाकावाचून सुटत नाही.

यानंतर आला स्वदेशीचा काळ, आणि त्याबरोबर भाड्यांची लढाई. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तुतिकोरिनचे. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी स्टीम नेव्हिगेशन कंपनी स्थापून तुतिकोरिन–कोलंबो मार्गावर दोन बोटी आणल्या, तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे माणशी एक रुपयावर आणले. स्वदेशी कंपनीने ते आठ आणे केले. तेव्हा इंग्रज कंपनीने फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली. ज्याच्या तिजोरीत दहा मार्गांचा नफा पडून आहे त्यास एका मार्गावर वर्षानुवर्षे तोटा सोसता येतो. ज्याचा सारा संसार एकाच मार्गावर आहे त्यास तो चार महिनेही सोसवत नाही. १९०८ मध्ये पिळ्ळै तुरुंगात गेले आणि १९११ पर्यंत कंपनी मोडीत निघाली.

कोकणात याच प्रेरणेतून जी कंपनी निघाली तिचे अधिकृत नाव इंडियन को-ऑपरेटिव्ह नेव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी असे लांबलचक होते. लोकांनी मात्र तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून आपलेसे केले. या नावातील ‘माझी’ हे पद मला या सर्व इतिहासातील सर्वांत मोलाचे भांडवल वाटते. परकीय पेढीशी केवळ भाड्यात स्पर्धा केली तर काय होते हे तुतिकोरिनास दिसले होते. या कंपनीने भाड्याच्या जोडीस आपलेपणाची पुंजी लावली. तिने आपल्या बोटींस ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावे दिली आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती उतारूंचे स्मरण ठेवून ‘सेंट अँथनी’, ‘सेंट झेवियर’ अशीही नावे दिली. यात धंद्याची दृष्टी होती हे उघड आहे, परंतु ती केवळ क्लृप्ती होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. वारकरी चाकरमान्यास तुकारामाच्या बोटीने गावी जाणे आणि गोव्याच्या खलाशास झेवियरच्या बोटीने घरी जाणे यांत जो दिलासा होता तो खरा होता, आणि दोन आणे भाडे इकडेतिकडे झाले तरी तो उतारू सहसा दुसऱ्याच्या बोटीकडे वळत नसे.

परंतु समुद्रास संतांच्या नावांची मुर्वत नव्हती. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असता, ‘रामदास’ ही बोट भर पावसाळ्यात सकाळी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येस घरी पोहोचावयाचे म्हणून निघालेले गिरगाव-परळचे नोकरदार त्यांत होते, कुलाबा जिल्ह्यातील कित्येक घरांतील एकाहून अधिक माणसे त्यांत होती, आणि रेवस-अलिबागच्या पट्ट्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘रामदास बुडाली त्या वर्षी’ ही कालगणना पुढे कित्येक वर्षे चालत राहिली. ज्या कंपनीस लोक ‘माझी’ म्हणत तिच्याच नावाशी निगडित बोटीवर हा प्रसंग यावा, याहून दारुण गोष्ट या इतिहासात दुसरी नाही.

दरम्यान किनाऱ्यावरील वाहतुकीचा प्रश्न देशाच्या कायदेमंडळात पोहोचला होता. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी १९१९ साली सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी स्थापिली, आणि परकीय कंपन्यांच्या दर-कपातीचे तडाखे सोसून ती टिकवली. साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये देशाची किनारी वाहतूक देशी कंपन्यांसाठी राखून ठेवावी असे विधेयक मांडले. पुढे १९३० नंतरच्या दशकात सर अब्दुल हलीम गझनवी यांनी किनारी वाहतुकीचे किमान दर ठरवण्याचा अधिकार सरकारास असावा अशा आशयाचे विधेयक आणले. या दुसऱ्या विधेयकातील विचार मला अधिक मूलगामी वाटतो. सरकार भाड्याची कमाल मर्यादा ठरवते हे उतारूस समजते व रुचते. परंतु किमान मर्यादाही ठरवली पाहिजे, नाहीतर सशक्त कंपनी अशक्त कंपनीस भाडे उतरवून मारील आणि मग एकटी उरल्यावर तेच भाडे वाढवील, हा विचार त्या काळात मांडला गेला, याची नोंद आपण घेतली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रवासी व्यवहार काही काळ सिंदियाच्या हाती होता. १९५३ साली सिंदियाकडील प्रवासी व फेरी वाहतूक घेण्यासाठी बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन याच जुन्या नावाने नवी खासगी कंपनी काढण्यात आली. बोटी, लाँचा आणि इतर मालमत्तेची जी किंमत ठरली तिचा काही भाग शेअरच्या रूपाने चुकता झाला; उरलेली रक्कम कर्ज समजून त्यावर दरसाल दरशेकडा सहा प्रमाणे व्याज द्यावयाचे ठरले. हे व्याज प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मालमत्तेची थकलेली किंमत म्हणजे उसनवार घेतलेले भांडवल नव्हे, तथापि तिच्यावरील व्याज हा धंदा चालवण्यासाठीच केलेला खर्च होय, असे न्यायालयाने मानले. आयकराच्या वकिलांस हा निवाडा मुखोद्गत असतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून दिसते ते हे की, कोकणच्या उतारूने दिलेल्या भाड्यातून कोळसा-तेल आणि पगार तर भागवावयाचेच, पण बोटींच्या किमतीवरील सहा टक्के व्याजही भागवावयाचे होते. आणि हे सर्व वर्षातील आठ महिन्यांत.

येथे क्षणभर आपला किनारा सोडून युरोपच्या उत्तरेस, नॉर्वेस जाऊ. तेथेही डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये चिंचोळी वस्ती, तेथेही रस्ते दुर्गम, तेथेही माणसे मासेमारीवर जगणारी, आणि तेथेही वर्षातील काही महिने बोटींस बिकट, फरक एवढाच की तेथील शत्रू पाऊस नसून हिवाळ्याचा अंधार आहे. उत्तरेकडील गावांना बारमाही जोडणारी जलद बोट हवी म्हणून नॉर्वेच्या सरकारने कंपन्यांना विचारणा केली, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी अंधाराचे आणि दीपस्तंभांच्या अभावाचे कारण देऊन नकार दिला. एका लहानशा कंपनीचे कप्तान रिचर्ड विथ यांनी मात्र आपल्या नोंदवह्यांत प्रत्येक वळणाची दिशा आणि वेळ टिपून ठेवली होती; त्यांनी ही जबाबदारी पत्करली, आणि २ जुलै १८९३ रोजी ‘वेस्टरोलेन’ ही बोट ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टकडे निघाली. ‘हुर्टिगरूटेन’, म्हणजे जलद मार्ग, या नावाने ती वाहतूक आजतागायत चालू आहे. ती चालू राहिली याचे कारण नोंदवह्यांत जितके आहे तितकेच करारपत्रात आहे. सरकारने प्रारंभापासून वार्षिक रक्कम देऊन ठरावीक बंदरे, ठरावीक दिवस आणि टपाल यांची हमी विकत घेतली. उतारूचे भाडे हे कंपनीचे एकमेव उत्पन्न नव्हते. म्हणून हिवाळ्यातील अर्धी रिकामी बोट हा कंपनीचा अपराध ठरला नाही. पुढे पर्यटक वाढले तेव्हा दुहेरी व्यवस्था रूढ झाली. गावोगावच्या उतारूसाठी अंतरावर बेतलेले भाडे, आणि बर्गनपासून किर्केनेसपर्यंत जाऊन परत येणाऱ्या हौशी प्रवाशासाठी बाजारात मिळेल ते भाडे. २०२१ पासून हा करार दोन कंपन्यांत विभागलेला आहे, परंतु तत्त्व तेच आहे.

दोन्ही किनारे सर्वथा समान आहेत असा माझा दावा नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यासमोर बेटांची रांग आहे आणि तिच्या आडोशाने बोट जाते. कोकणचा किनारा नैऋत्य मोसमी वाऱ्यासमोर उघडा पडलेला आहे, आणि जुलैत वेंगुर्ल्यास बोट नेण्याचा आग्रह कोणीही शहाणा माणूस धरणार नाही. परंतु पावसाळ्याचे चार महिने बोट उभी राहणार हे ठाऊक असता त्या चार महिन्यांच्या खर्चाचा काही भाग सार्वजनिक तिजोरीने उचलणे, आणि निदान मोठ्या बंदरांत बोट लागेल असा धक्का बांधून पडावाची यातना व तिच्यात जाणारा वेळ वाचवणे, या दोन गोष्टी निसर्गाच्या नव्हे, सरकारच्या स्वाधीन होत्या.

उत्तर युरोपातीलच दुसरे उदाहरण बाल्टिक समुद्राचे. स्टॉकहोम आणि हेलसिंकी यांच्या दरम्यान चालणाऱ्या प्रचंड बोटींचे भाडे पाहून परक्या माणसास अचंबा वाटतो, इतके ते कधी कधी स्वस्त असते. त्याचे रहस्य हे की, तेथे तिकीट हे उत्पन्नाचे साधन कमी आणि दुकानाचे दार अधिक आहे. बोटीवरील उपाहारगृह, मद्य आणि करमुक्त माल यांवर कंपनी जगते. १९९९ साली युरोपीय संघाने अंतर्गत प्रवासातील करमुक्त विक्री बंद केली, तेव्हा या बोटी वाटेत ओलांड बेटांवर थांबा घेऊ लागल्या, कारण ती बेटे संघाच्या करव्यवस्थेच्या बाहेर आहेत. एका थांब्याने सबंध धंदा वाचला. कोकणच्या डेकवरील उतारू घरची भाकर बरोबर घेऊन येत असल्याने हा मार्ग आपल्याकडे बंदच होता. त्याच्या खिशातून भाड्याखेरीज आणखी काही काढणे शक्यही नव्हते आणि उचितही नव्हते.

भाड्याचा हाच प्रश्न ज्या शहरात आपण राहतो त्याच्या संदर्भातही एकदा वेगळ्या रीतीने सोडवला गेला होता, हे येथे सांगितले पाहिजे. मोटारगाड्या आल्यावर खासगी मालक रेल्वेचे जवळच्या पल्ल्याचे उतारू पळवू लागले, तेव्हा निजाम सरकारने १९३० साली रेल्वे आपल्या ताब्यात घेतल्यानंतर, जून १९३२ मध्ये रेल्वेच्याच अंमलाखाली मोटार खाते उघडले. प्रारंभी २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढाच पसारा होता. लोहमार्ग आणि रस्ता एकाच मालकाचे झाल्यामुळे भाड्यांची लढाई उद्भवण्याचा संभवच नाहीसा झाला. या व्यवस्थेत दोष नव्हते असे नव्हे. मक्तेदारी ही नेहमीच आळसास जन्म देते. परंतु कमी रहदारीच्या तालुक्यास गाडी मिळावी की नाही, हा निर्णय त्या एका मार्गाच्या गल्ल्यावरून न होता सबंध खात्याच्या हिशेबावरून होऊ लागला. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर येथील राज्य परिवहन वेगळे चालले आणि १ जुलै १९६१ रोजी ते आजच्या एस.टी. महामंडळात विलीन झाले. सहा किलोमीटरच्या टप्प्यावर बेतलेले भाडे, आणि ज्येष्ठांस व स्त्रियांस दिलेल्या सवलतींची शासनाकडून होणारी भरपाई, ही एस.टी.ची आजची पद्धत त्याच विचाराची आहे.

आणि कोकणातील आगबोटीस अखेरचा धक्का दिला तो याच एस.टी.ने. मुंबई-गोवा रस्ता जसजसा सुधारत गेला, खाड्यांवर पूल होत गेले, तसतशी बस थेट वाडीच्या तोंडाशी जाऊ लागली. बंदरावर उतरून पुढे बैलगाडीने अथवा पायी जाण्याचे कारण राहिले नाही. बसच्या टप्प्याचे भाडे आगबोटीच्या भाड्याहून किती कमी-अधिक होते याला तितकेसे महत्त्व नाही. उतारू तिकिटाची नव्हे, घरापासून घरापर्यंतच्या सगळ्या खर्चाची तुलना करतो. त्यात पडाव आला, हमाल आला, बंदरावर काढलेली रात्र आली. शिवाय बस पावसाळ्यातही चाले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर मुंबई-पणजी मार्गास काही वर्षे नवी उभारी आली. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’, ‘रोहिणी’ या बोटींची नावे त्या काळातील माणसांच्या ओठांवर अद्याप आहेत. चौगुले यांच्या कंपनीने आणि त्यानंतर मोगल लाईन या सरकारी मालकीच्या कंपनीने हा मार्ग चालवला. म्हणजे सरकार आले खरे, पण रस्ता तयार झाल्यानंतर आले, आणि जवळच्या बंदरांचे उतारू निघून गेल्यावर केवळ लांब पल्ल्याचे व हौसेचे उतारू उरले असता आले. १९८६ साली मोगल लाईन शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि ते दशक सरता सरता किनाऱ्यावरील हा नित्याचा व्यवहारही आटोपला. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर तो पुन्हा उभा राहण्याची आशाही मावळली.

समुद्रातील लांब फेरी गेली, परंतु खाडी ओलांडणारी आखूड फेरी मात्र नव्याने जन्मास आली. २००३ साली सुवर्णदुर्ग शिपिंग या दापोलीकडील उद्योगाने दाभोळ आणि धोपावे यांच्या दरम्यान मोटारी व माणसे नेणारी बोट सुरू केली, आणि पुढे वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी अशा जागी तीच पद्धत पसरली. येथील भाड्याचा पाया जुन्या कंपनीच्या पायाहून अगदी निराळा आहे. जुने भाडे अंतरावर बेतलेले होते. हे भाडे वाचलेल्या अंतरावर बेतलेले आहे. खाडीला वळसा घालून जाण्यास जितके पेट्रोल व जितका वेळ लागला असता त्याहून तिकीट स्वस्त असले की मोटारवाला खुशीने थांबतो, आणि मोटारीच्या भाड्यातून बोटीचा खर्च निघाल्यामुळे पायी उतारूस अल्प दरात नेणे परवडते. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास जी मोठी रो-रो बोट सुरू झाली तिचा हिशेबही याच जातीचा आहे.

परंतु पाण्यावर पूल झाला की अशा आखूड फेरीचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. डेन्मार्कमध्ये ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीवर १९९८ साली मोटारींसाठी पूल खुला झाला आणि तेथील फेरीचा शतकाहून जुना व्यवहार संपला. हेलसिंगोर आणि हेलसिंगबोर्ग यांमधील चार-एक किलोमीटरची फेरी मात्र, दक्षिणेस २००० साली मोठा पूल झाल्यावरही, वारंवार सुटणाऱ्या बोटींच्या बळावर टिकून राहिली. रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी कोकणातील मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम आता शासनाने हाती घेतले आहे. ते पूर्ण झाल्यावर दाभोळ, बाणकोट आणि जयगड येथील फेऱ्यांस वाचलेल्या अंतराचे भाडे मागता येणार नाही; कोणत्या फेऱ्या चालू ठेवावयाच्या आणि त्यांचा तोटा कोणाच्या खाती टाकावयाचा, हे बंदर खात्यास त्यापूर्वीच ठरवावे लागेल.